एकाच डब्यातले मुकिल आणि गुग्गुळ

कल्याणच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात एक तपकिरी डिंक मिळतो. हकिमाची चिठ्ठी आणणारा त्याला ‘मुकिल’ म्हणतो, वैद्याची आणणारा ‘गुग्गुळ’. दुकानदार हात घालतो तो एकाच डब्यात.

वर्गातल्या एका मुलाने मला विचारले होते, “सर, लोबान आपला आणि गुग्गुळ त्यांचा ना?” गंमत अशी की, जुमेरातला फकीर दुकानोदुकानी ज्याचा धूर देत फिरतो तो लोबान बहुधा सुमात्राकडचा. अरब त्याला ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा धूप म्हणत. आणि गुग्गुळ? त्याचे अरबी नाव ‘मुक्ल’ युनानी ग्रंथांत तर आहेच, पण युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झुडपाला दिलेल्या लॅटिन नावातही ‘मुकुल’ होऊन बसले. आज ते नाव बदलून ‘कॉमिफोरा वाइटी’ झाले आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याबद्दल लिहिले, की इथे मिरी नाही, पण धूप भरपूर आहे. पांढरा नव्हे, तपकिरी. पांढरा म्हणजे अरबस्तानचा. मग हा तपकिरी कोणता? माझ्या मते गुग्गुळच. पण तो ठाण्याच्या पावसात उगवणारा नाही. हे काटेरी, कागदासारख्या सालीचे, वर्षातले बरेच महिने निष्पर्ण राहणारे झुडूप कच्छ, सौराष्ट्र, राजस्थान, सिंधच्या कोरड्या जमिनीतले. ठाण्यात तो पिकत नसणार, विकला जात असणार. हा व्यापार त्याहून फार जुना. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात सिंधच्या बंदरातून आणि भडोचहून हा डिंक निर्यात होत असल्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात आपले कल्याणही आहे: एके काळी रीतसर बंदर, पण पुढे अशी अडवणूक, की तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात.

म्हणजे ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ हा हिशेब या डिंकाला कधी लागलाच नाही. हकिमांनी मूळव्याधीवरच्या गोळ्यांत तो घातला, वैद्यांनी योगराज गुग्गुळात.

संकट वेगळेच आहे. जास्त डिंक मिळावा म्हणून सालीवर खोल घाव घालतात, वर रसायन लावतात. डिंक भरपूर येतो आणि झुडूप मरते. जंगली झुडपे इतकी घटली, की आययूसीएनने हे झाड ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले आहे.

परवा त्याच दुकानात भाव विचारला. दुकानदार म्हणाला, “सर, अस्सल हवा की चालू?” मी दोन्ही हातात घेऊन पाहिले. मला फरक ओळखता आला नाही.