चित्र आणि नियम: वेबपानावरच्या रंगछटांचा छोटा इतिहास

वेबपानावरच्या चौकटीत वरून खाली फिका होत जाणारा रंग आपण रोज पाहतो. त्याला ग्रेडियंट म्हणतात. त्यालाही इतिहास आहे बरं का. १९९६ साली पानाची सजावट सांगणारी सीएसएस ही भाषा आली, पण तिच्यात ग्रेडियंट नव्हता. मग एक युक्ती निघाली: एक पिक्सेल रुंदीची उभी पट्टी चित्र म्हणून करायची आणि ती आडवी पुन्हापुन्हा उमटवायची. रुंदीचा प्रश्न सुटला, उंचीचा राहिला. आमच्यासारख्या वाचकानं अक्षरं मोठी केली की चौकट वाढायची, चित्र मात्र तेवढंच! उरलेल्या जागेत पट्टीचा शेवटचा रंग भरून वेळ निभवायची.

२००८ मध्ये सफारी ब्राउझरमागच्या वेबकिटनं वेगळी वाट धरली: चित्र पाठवायचंच नाही, फक्त रंग आणि दिशा सांगायची. डब्ल्यूथ्रीसीच्या २०१२च्या मसुद्यात तर ग्रेडियंट म्हणजे स्वतःचं माप नसलेलं चित्र मानलं गेलं. चौकट जेवढी, तेवढं ते.

कांटनं १७८१ मध्ये असाच भेद केला होता: पाच ठिपके हे पाचाचं चित्र, कोणतीही संख्या चित्रात कशी आणायची, ती रीत वेगळी. चित्राचं माप आधीच ठरलेलं असतं, रीत समोरच्या जागेप्रमाणे वागते. म्हणून आम्ही हाही तत्त्वज्ञानाचाच प्रश्न मानतो: पान कुणाच्या मापानं बेतायचं, करणाऱ्याच्या की वाचणाऱ्याच्या?