सुपारी, दुर्बीण आणि व्हायोलिन

गंगापूरकर श्रोतेहो, पुढाऱ्यांच्या लकबी आणि छंद हा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की आज सरांनी हलकंफुलकं काढलंय. तसं नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. माणूस ओळखायचा तर त्याची भाषणं पुरत नाहीत, त्याच्या सवयीही बघाव्या लागतात, असं आमचं मत आहे.

टिळकांचंच घ्या. शेंगांच्या टरफलांची गोष्ट शाळेत प्रत्येकाला पाठ असते. पण लोकमान्यांना सुपारीचा केवढा नाद होता, हे कुणी सांगत नाही. का? तर पुतळ्याच्या तोंडात सुपारी शोभत नाही! आता सुपारीला आम्ही छंद म्हणणार नाही. ती सवय, ती माणसाला धरून ठेवते.

छंद वेगळा. 1932 साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. वय बासष्ट. तिथं त्यांना आकाशदर्शनाचं वेड लागलं. पुण्याच्या प्रेमलीलाबाई ठाकरसींकडून दुर्बीण आणवली आणि हा म्हातारा कैदी रात्री तारे बघायला लागला. भिंती सरकारच्या, पण वरचं आकाश काही सरकारच्या ताब्यात नव्हतं.

आणि बाबासाहेब. इथं जरा थांबू या. ‘त्यांना पुस्तकांचा छंद होता’ असं सर्रास बोलतात, तो शब्द आम्हाला खटकतो. 1917 साली ते लंडनहून परतले, तेव्हा त्यांची पुस्तकं वेगळ्या जहाजानं निघाली होती. महायुद्धात ते जहाज बुडालं. माणूस खचला असता. यांनी पुन्हा पुस्तकं जमवली आणि दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं, ते मुख्यतः पुस्तकांसाठी. लोक माणसांसाठी घर बांधतात, पुस्तकं कोनाड्यात बसवतात. इथं उलट! शाळेत ज्याला गोणपाटावर वेगळं बसवलं, त्याच्या पुस्तकांना छंद म्हणायचं? ती भूक होती. त्या भुकेतूनच 1950 साली आपल्या औरंगाबादेत महाविद्यालय उभं राहिलं, आजचं मिलिंद महाविद्यालय. नावही पाहा: प्रश्न विचारणारा राजा मिलिंद, आणि परिसर उत्तर देणाऱ्या नागसेनाच्या नावाचा, नागसेनवन. आपल्या तालुक्यातली कितीतरी मुलं त्या दारातून आत गेली.

मग बाबासाहेबांचा खरा छंद कोणता? कुत्री पाळायची, कधी स्वतः स्वयंपाक करायचा. आणि उतारवयात त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतलं. डोक्यावर कामाचा डोंगर, तब्येत ढासळलेली, मधुमेह. त्या वाद्यानं ना निवडणूक जिंकता येणार होती, ना कायदा मंजूर होणार होता. तरी ज्याच्याकडून देश शिकत होता, तो माणूस शिकाऊ पोरासारखा गज धरून सूर जुळवत बसायचा.