बोले ठराव आणि आपण

महाडचा चवदार तळ्याचा संग्राम आपल्या घराघरांत लहान मुलांनासुद्धा ठाऊक आहे. परंतु ज्या ठरावाच्या आधारावर बाबासाहेबांनी तळ्यावर पाऊल टाकले, तो ठराव मांडणारे रावबहादूर सीताराम केशव बोले कोण होते, असे विचारले तर आपण गप्प बसतो. दादरच्या एस. के. बोले रोडवरून आपली माणसे रोज जातात, पण पाटी वाचायला सवड कोणाला?

बोले हे मुंबईच्या भंडारी समाजातले पुढारी. १९०९ साली गिरणी कामगारांसाठी स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांत ते होते. त्याच्याही आधी, १९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाले तेव्हा त्यांच्या सत्काराची सभा भरली. तिचे अध्यक्ष बोलेच होते. त्याच प्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती दिले. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वाटेवरचे ते पहिलेच पुस्तक म्हटले तरी चालेल.

पुढे बोले मुंबई कायदे कौन्सिलात गेले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कोर्टकचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तळे खुले केल्याचे जाहीरही केले. पण कागदाने कोणाची तहान भागते काय? तळ्यावर जायची कोणाची छाती होईना. म्हणून १९२६ च्या ऑगस्टमध्ये बोल्यांनी पुन्हा ठराव आणला, की जी नगरपालिका वा लोकल बोर्ड हे पाळणार नाही, तिचे सरकारी अनुदान बंद करा.

शेवटी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो बांधवांसह तळ्यावर गेले नि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर आपल्या माणसांनी मारही खाल्ला. बरोबर ४ ऑगस्टलाच, १९२७ साली, महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! मग कोर्ट. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला.

बोल्यांनी दार उघडले, हे मान्य करायला आपण कचरू नये. पण त्या दारातून आत गेले ते आपले वाडवडील, स्वतःच्या पायांनी. आजही हक्क कागदावर पुष्कळ आहेत. ते वाचायचे, समजून घ्यायचे आणि वापरायचे, एवढे तरी आपण करू या.

जयभीम!