बोट ठेवले की हलणारी चित्रे

गेल्या दिवाळीत घराची झाडलोट करताना लोखंडी पेटीच्या तळाशी मला एक सीडी सापडली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते, ‘धान – २००४’. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या घरी आता सीडी लावायला यंत्रच उरलेले नाही. पुतण्याने गोंदियाहून कोणाचे तरी मागून आणले. सीडी फिरली, फायली दिसल्या. उत्साहाने त्यावर माउस दाबला, तर पडद्यावर नुसता राखाडी चौकोन आला. धानही नाही आणि आवाजही नाही.

त्या सीडीत काय होते, ते आधी सांगतो. मी तेव्हा शाळामास्तर होतो. शाळेला एक संगणक मिळाला होता. वीज असेल तेव्हा तो चालायचा, आणि ते दिवस भारनियमनाचे. मी रविवारी गोंदियाला जाऊन एका वर्गात फ्लॅश नावाचे सॉफ्टवेअर शिकलो आणि मुलांसाठी धानाचा एक पाठ केला. पडद्यावर बांधी, तिच्यात बैल आणि बाया. ज्या चित्रावर दाबाल ते हलायचे, आणि माझी आजी त्या कामाचे नाव सांगायची. पऱ्हे, चिखलणी, रोवणा, निंदण, कापणी, चुरणा. आजीचा आवाज मी टेपरेकॉर्डरवर घेऊन संगणकात उतरवला होता. २००९ साली आजी गेली. तिच्या आवाजाची दुसरी नोंद घरात नाही. म्हणून तो राखाडी चौकोन मला लागला.

तेव्हापासून मी एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करतो आहे. बघणाऱ्याने बोट ठेवले की चित्र हलते, ही कला आपल्याकडे आली कशी, आणि ती एवढ्या लवकर बंद का पडली?

हलत्या चित्रांची हौस आपल्याला संगणकाच्या फार आधीपासून आहे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार होते. लहानपणी त्या मंडईत डबा घेऊन येणारा बायोस्कोपवाला मी पाहिला आहे. डोळा भोकाला लावायचा आणि तो हाताने चित्रे सरकवायचा. आम्ही ओरडलो की एखादे चित्र मागेही घ्यायचा. तिकडे कल्याणला १८९० च्या दशकात महादेव पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली होती. रंगवलेल्या काचा, मागे दिवा, समोर पडदा. काचा भराभर बदलल्या की पडद्यावरची माणसे हालचाल करताहेत असे वाटे. या दोन्हींत एक गोष्ट सारखी होती. चित्र हलवणारा माणूस प्रेक्षकांच्या शेजारीच उभा असे.

मग सिनेमा आला. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एक लहानसा प्रयोग केला होता. कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा एका जागी ठेवून, त्यांनी रोज एक चित्र घेतले. महिन्याभराची वाढ पडद्यावर क्षणात दिसली, आणि ती पाहून भांडवल देणारा तयार झाला. पुढे त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. तिच्यात आगकाड्याच हलतात. हातांनी थोडी थोडी सरकवून चित्रित करण्याची ही युक्ती म्हणजे आपल्या ॲनिमेशनची सुरुवात.

आमच्या पिढीला ॲनिमेशन दाखवले ते दूरदर्शनने. ‘एक अनेक और एकता’ हा फिल्म्स डिव्हिजनचा १९७४ चा लघुपट तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. तो विजया मुळे यांनी केला होता. चिमण्या, जाळे आणि एकी, एवढीच गोष्ट, पण देशभरातल्या मुलांना ती पाठ झाली. सिनेमा आणि दूरदर्शन यांनी चित्र मोठे केले, लांबवर नेले, पण एक गोष्ट आपल्या हातून काढून घेतली. ‘थांब, ते परत दाखव’ म्हणायची सोय उरली नाही. नाटकात तशी सोय होती. पद आवडले की प्रेक्षक ‘वन्स मोअर’ ओरडत आणि नट पुन्हा गात. टीव्हीला वन्स मोअर ऐकू येत नव्हता.

ती सोय परत मिळाली इंटरनेटवर. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पण ते टेलिफोनच्या तारेवरून येई. पुढे जे वेगवान म्हणून मोडेम मिळू लागले, ते सेकंदाला ५६ किलोबिट आणत. म्हणजे एक मेगाबाइटचे चित्र उतरवायला उत्तम लाइनवरही अडीच मिनिटे. अशा तारेवरून हलते चित्र यायचे कसे?

याचे उत्तर अमेरिकेत जोनाथन गे आणि त्यांच्या सोबत्यांनी शोधले. पेनाने चालणाऱ्या संगणकावर चित्र काढायचे एक सॉफ्टवेअर त्यांनी केले होते. तसे संगणक बाजारात चालले नाहीत. मग त्याच सॉफ्टवेअरला हालचालीची जोड देऊन १९९६ साली त्यांनी फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर काढले. मॅक्रोमीडिया कंपनीने ते विकत घेतले आणि त्याचे नाव झाले फ्लॅश. युक्ती साधी होती. फोटोत हजारो ठिपक्यांचा हिशेब पाठवावा लागतो. इथे फक्त सूचना जात, की अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत अशी वळणदार रेघ काढ आणि आत हिरवा रंग भर. आपल्या संगणकाने ते चित्र जागेवरच काढायचे. हालचालीचेही तसेच. बैल पहिल्या चित्रात इथे आणि बाराव्या चित्रात तिथे, एवढे सांगितले की मधली चित्रे फ्लॅश स्वतः भरी. सिनेमा सेकंदाला २४ चित्रे दाखवतो, फ्लॅशची नेहमीची चाल १२ ची होती. आमच्या बैलाला तेवढी पुरे.

पण खरी मौज बटणात होती. फ्लॅशमध्ये प्रत्येक बटणाची चार रूपे काढावी लागत. माउसचा बाण लांब असताना, बाण वर आल्यावर, दाबल्यावर, आणि चौथे अदृश्य रूप, म्हणजे कुठे दाबले तर दाबल्यासारखे धरायचे ती जागा. हे चौथे रूप मला मुलांनी शिकवले. त्यांचा हात माउसवर थरथरे आणि नेम चुके. मग मी बैलाभोवतीची ती अदृश्य जागा बैलाच्या दुप्पट केली. त्यानंतर एकही मूल हिरमुसले नाही. पाठ उघडायला वेळ लागे, तेव्हा मुले कंटाळू नयेत म्हणून एक लोंबी काढली होती. जसजसा पाठ उघडेल तसतसे तिच्यात दाणे भरत. शंभर टक्के झाले की लोंबी वाकायची. मुले तेवढ्यासाठीच पाठ पुन्हा पुन्हा उघडायला लावीत. वाट पाहण्याचाही खेळ करावा, हा त्या काळातल्या सगळ्याच कारागिरांचा नियम होता.

मराठीपुढे आणखी एक अडचण होती. युनिकोड घरोघर पोचायच्या आधी प्रत्येकाचा मराठी फॉन्ट वेगळा. एका संगणकावर लिहिलेले दुसऱ्यावर उघडले की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. फ्लॅशमध्ये यावर तोड होती. लिहिलेला मजकूर फोडून त्याच्या रेघा करायच्या. मग तो कुठेही सुंदर दिसे. पण अक्षराचे चित्र झाले की ते अक्षर राहत नाही. ते शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, दुसरीकडे नेता येत नाही. ही किंमत त्या वेळी आमच्या ध्यानात आली नाही.

व्हिडिओचे दिवस २००५ नंतर आले. त्या वर्षी २३ एप्रिलला यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला. त्याचा प्लेअरही फ्लॅशचाच होता. त्याच्या आधी संगणकावर व्हिडिओ बघायचा म्हणजे कधी हे सॉफ्टवेअर नाही, कधी ते नाही, अशी रड असे. इथे पानातच चौकट आली. एक त्रिकोण, एक आवाजाची खूण आणि खाली एक रेघ. या रेघेत दोन रंग होते. एक पाहून झालेल्या भागाचा, दुसरा तारेवरून येऊन पोचलेल्या भागाचा. बघणाऱ्याला न बोलता कळे की अजून थोडे थांबायचे आहे. गोळी मागे ओढली की वन्स मोअर. बायोस्कोपवाल्याला ओरडून सांगायचो, ते आता बोटाने होऊ लागले.

एवढी पसरलेली गोष्ट बंद का पडली? कारणे अनेक होती. २००५ साली अडोबीने मॅक्रोमीडिया विकत घेतली, म्हणजे फ्लॅशचा मालक एकच राहिला. त्याच्यात सुरक्षेची भगदाडे सतत सापडत. २००७ साली आयफोन आला आणि त्याने फ्लॅशला घरात घेतलेच नाही. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सनी जाहीर पत्र लिहून कारणे सांगितली. बॅटरी खाते, बोटाच्या स्पर्शासाठी बनलेले नाही, आणि ते एकाच कंपनीच्या हाती आहे. तोवर ब्राउझरलाच व्हिडिओ दाखवता येऊ लागला होता. २०१५ मध्ये यूट्यूबने मुख्य प्लेअर बदलला. २०१७ मध्ये अडोबीने शेवटची तारीख जाहीर केली. ३१ डिसेंबर २०२० ला आधार संपला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने स्वतःच चित्रे दाखवणे थांबवले. यातला एकेक निर्णय पटण्यासारखा आहे. पण या सगळ्या निर्णयांनी मिळून पंचवीस वर्षांचे काम अंधारात गेले, आणि त्यात माझा राखाडी चौकोनही होता.

पुतण्याने मग रफल नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आणला. जगभरच्या स्वयंसेवकांनी तो लिहिला आहे. तो जुन्या फ्लॅश फायली आजच्या संगणकावर चालवतो. इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने नोव्हेंबर २०२० पासून त्याच्याच मदतीने जुनी ॲनिमेशन्स आणि खेळ जपून ठेवले आहेत. नंतरच्या काळातले गुंतागुंतीचे काम अजून सगळे नीट चालत नाही, पण आमचा पाठ साधा होता. लोंबी भरली, वाकली, आणि बांधी उघडली.

मी पुतण्याला म्हटले, लगेच याचा व्हिडिओ करून ठेव, पुन्हा जायला नको. मी एकेका चित्रावर दाबत गेलो. आजीने सहाही शब्द सांगितले. डोळे भरून आले. काम झाले असे वाटले.

तेवढ्यात पुतण्याच्या सात वर्षांच्या मुलीने माउस ओढून घेतला आणि मुले करतात तसे वाटेल तिथे दाबायला लागली. बैलावर एकदा, दोनदा, तीनदा. आणि आजी खेकसली, “कायले मारता रे त्याले, पोट्टेहो!” आणि मागोमाग स्वतःच हसली.

मी हे साफ विसरलो होतो. वीस वर्षांपूर्वी गंमत म्हणून मीच ते लपवले होते. बैलाला तीनदा दाबले तरच ते वाजते. माझ्या व्हिडिओत ते नव्हते, कारण मी तीनदा दाबलेच नव्हते.

त्या दिवशी मला या कलेचा स्वभाव कळला. सिनेमाची फीत जपली तर सिनेमा जपला जातो. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून ते काम करते आहे, आणि तरीही मूकपटांच्या काळातले बहुतेक चित्रपट आपण गमावलेच. बोटावर हलणाऱ्या चित्राचे मात्र तेवढ्याने भागत नाही. त्याचा व्हिडिओ करून ठेवला, तर ज्याने तो केला त्याने जेवढे दाबले तेवढेच उरते. उरलेले, म्हणजे दुसऱ्या कुणाला सापडले असते ते, जाते. ते जपायचे तर ते चालते ठेवले पाहिजे. नवे बोट आले की त्याला नवे काही सापडले पाहिजे.

२००० ते २०१० या दशकात आपल्या गावोगावच्या शिक्षकांनी, वर्गात शिकलेल्या पोरांनी असे कितीतरी केले असेल. पाढे, कविता, शुभेच्छापत्रे, छोटे खेळ. ते कुठल्याही संग्रहालयात नाही, ते तुमच्या-आमच्या पेट्यांत आहे. सीडीचे आयुष्यही अमर नसते. म्हणून विनंती एवढीच. जुन्या सीड्या फेकू नका. त्यांतल्या फायली हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, नुसता व्हिडिओ करून थांबू नका. एसडब्ल्यूएफ नावाने संपणारी फाइल दिसली तर ती चालवून पाहा, आणि ज्यात ती तयार केली ती एफएलए फाइल असेल तर तीही जपा.

आणि माउस आधी घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातात द्या.