अकबराचे तीन मुलगे आणि दारू

मोगल शहजादे दारू पिऊन मेले, असं आपण एका वाक्यात सांगून मोकळे होतो. सांगणारा मुसलमान असेल तर आवाजात थोडी शरम असते, दुसरा कुणी असेल तर थोडी मजा. ‘अय्याशी’ हा शब्द मात्र दोघांच्याही तोंडी तयार असतो. त्याच काळातल्या माणसांनी लिहिलेलं वाचलं, तर हा शब्द अपुरा वाटू लागतो.

अकबराचा दुसरा मुलगा मुराद. 1595 च्या डिसेंबरात त्याने अहमदनगरला वेढा घातला तेव्हा तो 25 वर्षांचा होता. समोर चाँदबीबी. सुरुंगाने तट उडाला, पण तिने ते भगदाड रातोरात बुजवून घेतलं. शेवटी तहात वऱ्हाड मिळालं, किल्ला मिळाला नाही. सोबतचा अनुभवी सरदार अब्दुर रहीम खानखानान याच्याशी मुरादचं पटत नव्हतं. दोघांच्या कुरबुरी बादशहापर्यंत जात होत्या. मुरादने बाळापूरजवळ शाहपूर नावाची छावणी वसवली, आजच्या अकोला जिल्ह्यात. घरापासून इतक्या दूर, हाती अर्धवट मोहीम, आणि अशात 1597 मध्ये त्याचा नऊ वर्षांचा मुलगा रुस्तम वारला.

अकबरनाम्यात अबुल फजल लिहितो, की मुलगा गेल्यापासून शहजादा दुःखात बुडाला आणि चुकीच्या सोबत्यांच्या नादाने बेसुमार पिऊ लागला. दरबारी इतिहासकाराने आधी दुःख लिहिलं, मग दारू. आपण सांगताना दुःख गाळतो आणि दारू तेवढी ठेवतो.

पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. अकबराने मुलाला परत आणायला खुद्द अबुल फजललाच दख्खनेत पाठवलं. हे कळताच मुरादने अहमदनगरवर चालून जायचं निमित्त काढलं आणि छावणी हलवली. बापासमोर उभं राहायची त्याची हिंमत नव्हती. आपल्या मोहल्ल्यांत हे नवं नाही. पिणारा मुलगा ईदला घरी येत नाही, आई पाहुण्यांना ‘तबियत ठीक नहीं’ म्हणते, आणि गोष्ट हराम आहे म्हणून हकिमालाही सांगितली जात नाही. पिणं लपतं, दुखणं वाढत राहतं. मुरादला अखेरीस झटके येऊ लागले. मे 1599 मध्ये पूर्णा नदीच्या काठी तो गेला, वयाच्या 28 व्या वर्षी. अबुल फजल छावणीत पोहोचला तो त्याच दिवशी. शाहपूरला दफन केलेला त्याचा देह पुढे दिल्लीला हुमायूनच्या मकबऱ्यात नेला.

दानियाल धाकटा. मुरादनंतर दख्खन त्याच्याकडे आली. त्याचं पिणं हाताबाहेर गेल्यावर उपाय झाला तो पहाऱ्याचा. तो खानखानानचा जावई, म्हणून माणसं सासऱ्यानेच बसवली. मग शिकारीच्या बंदुकीच्या नळीत भरून दारू आत आली. जहांगीर लिहितो, की नळीतला गंज आणि दारूगोळ्याचा अंश त्या तीव्र मद्यात मिसळला. 1605 मध्ये बुऱ्हाणपूरला दानियाल संपला, तिशी नुकतीच ओलांडलेला.

उरला थोरला सलीम, म्हणजे जहांगीर. त्याची सुरुवात तर अगदी साधी. अठराव्या वर्षी, अटकेजवळच्या छावणीत, शिकारीने तो दमून गेला होता. एका तोफचीने सुचवलं, एक पेला घ्या, शीण जाईल. दीड पेला गोडसर मद्य आलं, आणि बरं वाटलं. सगळा घोळ त्या बरं वाटण्यात आहे. दारू काही तास मनाचा ताण सैल करते. ती उतरली की बेचैनी आधीपेक्षा वाढलेली असते आणि झोपही तुटक होते. मग पुन्हा पेला, आणि दर वेळी थोडा मोठा. नऊ वर्षांत जहांगीर दोनदा गाळलेल्या कडक दारूच्या रोज 20 पेल्यांवर पोहोचला. हात इतके कापत, की पेला दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे.

त्याने हकीम हुमामला बोलावलं आणि खरं ते सांगितलं. हकिमानेही शहजादा म्हणून भीड धरली नाही. सहा महिने असंच चाललं तर इलाज उरणार नाही, असं तोंडावर सांगितलं. जहांगीरने दारू हळूहळू उतरवत सात वर्षांत सहा पेल्यांवर आणली. आजचे डॉक्टरही सांगतात, की रोज भरपूर पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकदम बंद केलं तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून ते देखरेखीखाली करायचं असतं. दारूबाबतचे कुरआनचे हुकूमही टप्प्याटप्प्याने आले, हे मदरशातल्या मुलांनाही ठाऊक असतं. शेवटचा हुकूम अर्थातच बंदीचा आहे, आणि जहांगीर तिथपर्यंत कधी पोहोचला नाही.

पण तो भावांपेक्षा बराच जास्त जगला, 58 वर्षांचा झाला. तख्तावर बसताच त्याने काढलेल्या बारा फर्मानांत दारू गाळण्यावर आणि विकण्यावर बंदी होती. तिथेच त्याने हेही लिहून ठेवलं, की मी स्वतः अठराव्या वर्षापासून आजवर पीत आलो आहे.