टेबलावरची धमतरी गाडी

रायपूर शहरातून केंद्री गावाच्या दिशेने जाणाऱ्या एका रुंद रस्त्याला आज 'अटल पथ' असे नाव आहे. त्यावरून मोटारी वेगाने धावतात. हा रस्ता ज्या पट्टीवर बांधला आहे, तिच्यावरून पूर्वी शंभराहून अधिक वर्षे एक लहानशी आगगाडी जात-येत होती. रायपूरहून निघून तेलीबांधा, माना, केंद्री अशी स्थानके घेत ती अभनपूरला पोचे. तेथे मार्गाला दोन फाटे फुटत. एक कुरूदवरून धमतरीला जाई, दुसरा राजीमला. २०१० ते २०२० या दशकात ही गाडी टप्प्याटप्प्याने बंद झाली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये मंदिर हसौदच्या वळशाने अभनपूरपर्यंत ब्रॉडगेजची मेमू गाडी सुरू झाली. लोकांची सोय वाढली, यात शंका नाही. परंतु जुनी गाडी कशी होती, असे एखाद्या मुलाने विचारले, तर त्याला दाखवावयास जागेवर फारसे काही उरलेले नाही. अशा गाडीचा इतिहास कागदावर लिहिता येतो, तसा तो लाकूड, पितळ आणि विजेची तार यांच्या साहाय्याने टेबलावरही मांडता येतो.

त्यासाठी मूळ मार्ग का आणि कसा जन्मला, हे प्रथम पाहिले पाहिजे. छत्तीसगड हा भाताचा मुलूख. नागपूरकर भोसल्यांच्या काळात, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, येथील धान्य बाहेर जाई ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. १८८२ साली नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग राजनांदगावपर्यंत आला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो विकत घेतला, रुंद केला, आणि रायपूर-बिलासपूरवरून पुढे नेऊन १८९१ साली आसनसोलला जोडला. मुख्य मार्ग झाला. पण शेते आणि जंगले दक्षिणेकडे राहिली. तिकडचा तांदूळ आणि लाकूड मुख्य मार्गापर्यंत आणावयाचे, आणि तेही थोड्या खर्चात, तर रूळ अरुंद ठेवणे भाग होते. १९०० साली रायपूर-धमतरी आणि अभनपूर-राजीम हे दोन फूट सहा इंचांचे नॅरोगेज मार्ग सुरू झाले. दोन्ही मिळून लांबी सुमारे ९० किलोमीटर. याच कंपनीचे सातपुड्यातील नॅरोगेज जाळे पुढे पुष्कळ नावारूपाला आले. धमतरीचा फाटा त्याच्या आधीचा आहे.

दोन फूट सहा इंच हे माप त्या काळी चर्चेचा विषय होते. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली आपल्या बार्शी लाइट रेल्वेवर ते यशस्वी करून दाखविले. एका आसावर पाच टनांहून अधिक भार नको; भार सगळीकडे सारखा वाटला, की यार्डाला तीस पौंड वजनाचा हलका रूळही पुरतो, असा त्याचा सिद्धान्त. बार्शीची वाहने हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी त्याने इंग्लंडमध्ये लीड्सजवळ तात्पुरता रूळ टाकून ती लोकांना चालवून दाखविली. पूर्ण आकाराची प्रतिकृतीच म्हणावयाची ती!

आता घरातल्या प्रतिकृतीकडे वळू. जर्मनीच्या मेर्कलिन कारखान्याने १८९१ साली खेळण्यातल्या रुळांची मापे ठरवून दिली, तेव्हापासून या छंदाला शिस्त आली. एकाचा रूळ दुसऱ्याच्या गाडीला चालू लागला. पुढे आकार लहान होत गेले. आज जगात सर्वाधिक प्रचारात असलेले प्रमाण 'एचओ' या नावाने ओळखले जाते. त्यात मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी प्रतिकृती असते, आणि तयार रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. येथे श्रोत्यांनी एक लहानसे गणित मनात करून पाहावे. युरोपातील नेहमीचा रूळ १४३५ मिलिमीटर रुंद; त्याला ८७ ने भागले, की बरोबर साडेसोळा येतात. आपला ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरचा. त्याला भागले तर सव्वाएकोणीस येतात. म्हणजे मुंबई-हावडा मेल टेबलावर आणू पाहणारा भारतीय हौशी माणूस पहिल्या पावलालाच अडतो. तयार रूळ घ्यावेत, तर गाडी अरुंद पायांवर उभी राहिल्यासारखी दिसते. स्वतः रूळ करावेत, तर प्रत्येक चाक बदलावे लागते. धमतरी गाडीचे गणित पाहा. दोन फूट सहा इंच म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा पावणेनऊ मिलिमीटर. आणि बाजारात नऊ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो! फरक पाव मिलिमीटरचा, जो डोळ्याला दिसत नाही. ज्या रूळमापाला मुख्य मार्गाच्या लोकांनी नेहमी धाकटे मानले, ते टेबलावर थोरल्यापेक्षा अधिक खरे उतरते.

मात्र या तयार रुळाखालचे स्लीपर तपासून घ्यावेत. नऊ मिलिमीटरचा पुष्कळसा रूळ आणखी लहान प्रमाणात, युरोपातील नेहमीच्या रूळमापासाठी केलेला असतो. त्याचे स्लीपर आखूड आणि दाट असतात. नॅरोगेजचा लाकडी स्लीपर पाच फूट लांब व सात इंच रुंद. आपल्या प्रमाणात तो साडेसतरा मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर रुंद होतो. आगपेटीची काडी जवळजवळ याच जाडीची असते, आणि एका काडीत दोन स्लीपर होतात. काड्या गडद रंगात बुडवून वाळवाव्यात, थोड्या वेड्यावाकड्या बसवाव्यात, खडीही बेताचीच पसरावी. फाट्यावरचा मार्ग राजमार्गासारखा नीटनेटका दिसू लागला, की तो फाटा राहत नाही.

संपूर्ण मार्ग टेबलावर आणण्याचा मोह मुळीच धरू नये. ९० किलोमीटरचा सत्त्याऐंशीवा हिस्सा केला, तरी एक किलोमीटरहून अधिक लांबीची खोली लागेल. निवड करणे भाग आहे, आणि इतिहासकाराची परीक्षा निवडीतच होते. अभनपूर जंक्शन हा सर्वांत चांगला विषय. तीनशे मीटरचे आवार सुमारे साडेतीन मीटरांत बसते. एका टोकाने रायपूरची गाडी आत येते, दुसऱ्या टोकाने धमतरी आणि राजीमचे फाटे बाहेर जातात. जागा याहून कमी असेल, तर राजीमचे शेवटचे स्थानक करावे. येथे एक सावधगिरीची सूचना. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर राजीवलोचनाचे मंदिर आहे म्हणून नदीवर लांबलचक पूल बांधण्याची इच्छा होते. ही गाडी नदी ओलांडीतच नव्हती. तिचे राजीम स्थानक अलीकडच्या तीरावर, नवापाऱ्याला होते. पूल कितीही सुंदर झाला, तरी ती खोटी साक्ष ठरेल.

डोंगर आणि बोगदे यांचेही तसेच. नवख्या माणसाला बोगद्याशिवाय आगगाडी अपुरी वाटते. त्याने नेरळ-माथेरानकडे जावे. रायपूरच्या सपाटीवर त्याचे काम नाही. येथे बांधबंदिस्तीची भातखाचरे, प्रत्येक गावाचा तलाव, पळस, मोह आणि बाभूळ. हे साधे दिसते, पण करावयास अवघड आहे, कारण सपाट जमीन काहीच लपवीत नाही. दीड हात उंचीचा बांध प्रमाणात आठ मिलिमीटरचा होतो. पुष्कळ जण तो बोटभर उंच करतात, आणि मग गाडी तटबंदीतून जाते आहे असे वाटते. शिवाय महिना ठरवावा लागतो. श्रावणातले खाचर आणि जेठातले खाचर एका टेबलावर नांदू शकत नाहीत. महिन्याबरोबर वर्षही ठरवावे. वाफेचे इंजिन, शेवटच्या काळातले डिझेल इंजिन आणि त्यानंतरचे मोबाइलचे मनोरे एका दृश्यात आणणे म्हणजे तारखा नसलेला इतिहास लिहिणे होय.

टेबल मजबूत हवे. लाकडी चौकटीवर नऊ मिलिमीटरचे प्लायवुड पुरते. रुंदी पाऊण मीटरहून अधिक नसावी, नाही तर पलीकडे घसरलेल्या डब्याला हात पोचत नाही. उंची छातीबरोबर ठेवावी, म्हणजे पाहणारा वरून न पाहता बाजूने पाहतो. रायपूरच्या हवेत दोन शत्रू आहेत, ऊन आणि ओल. वाळवी धरली तर तीन. हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत तीस अंशांचा फरक धरला, तर तीन मीटर रूळ दीड मिलिमीटरने वाढतो. पावसाळ्यात लाकूड फुगते ते वेगळेच. सांधे घट्ट बसविले असतील, तर रूळ मध्येच धनुष्यासारखा उचलतो. म्हणून मोठ्या रेल्वेत ठेवतात तशीच जराशी फट येथेही सांध्यात ठेवावी. प्लायवुड कापल्यावर त्याच्या कडा रंगवून बंद कराव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून बहुतेक जण ते टाळतात आणि पहिल्याच आषाढात पस्तावतात.

विजेचे तत्त्व सोपे आहे. दोन्ही रुळांतून बारा व्होल्टचा एकदिश प्रवाह सोडावयाचा. दिशा बदलली, की इंजिन उलट चालते. अडचण येते ती सांध्यांच्या फटीतून. ज्या फटीने रूळ वाचतो, तिनेच प्रवाह अडतो. म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार डाखाने जोडावी. नॅरोगेजचे इंजिन हलके, चाके लहान. किंचित धूळ आली, तरी ते थबकते. रूळ स्पिरिटच्या फडक्याने पुसावेत, तेल शक्य तितके कमी द्यावे. आणखी एक गोष्ट: मार्ग वळवून पुन्हा त्याच मार्गाला उलट आणून जोडला, तर एक रूळ दुसऱ्याला जाऊन भिडतो आणि प्रवाहाचा घोटाळा होतो. तसा वळसा घालावयाचाच असेल, तर तो तुकडा दोन्ही बाजूंनी तोडून त्याला वेगळा स्विच द्यावा.

बांधणी झाली, की बहुतेक मांडण्या मरू लागतात. गाडी गोल फिरते, पाहुणे दोन फेऱ्या पाहतात, तिसऱ्या फेरीला चहा मागवितात. याचे कारण असे, की रेल्वे म्हणजे नुसती गाडीची धाव, हा समज. प्रत्यक्षात ती वेळापत्रकाने बांधलेली एक कामकाजाची पद्धत आहे. ताशी तीस किलोमीटरने जाणारी गाडी आपल्या प्रमाणात सेकंदाला दहा सेंटीमीटरहून थोडी कमीच सरकते. म्हणजे साडेतीन मीटरच्या अभनपुरातून ती न थांबता गेली, तरी अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागावा. हौशी माणूस तीच गाडी पाच सेकंदांत पळवितो. वेग आवरला, की खरे काम दिसू लागते. मार्ग एकेरी, म्हणून धमतरीची गाडी आल्याखेरीज रायपूरची सोडता येत नाही. राजीमला मार्ग संपतो. तेथे इंजिन सोडवावयाचे, शेजारच्या रुळावरून मागे न्यावयाचे, आणि दुसऱ्या टोकाला जोडावयाचे. तांदळाच्या भरलेल्या वाघिणी एका बाजूला काढून ठेवावयाच्या, रिकाम्या आत ढकलावयाच्या. रायपूरला गेज बदलत असल्याने हे धान्य पुन्हा मोठ्या वाघिणींत भरावे लागणार. तेव्हा वाघिणी तिकडे वेळेवर पोचल्या नाहीत, तर हमालांचा खोळंबा. माघी पौर्णिमेला राजीमची जत्रा; त्या दिवसाचे वेळापत्रक निराळे लिहावे, नेहमीच्या गाडीला डबे वाढवावेत, आणि मग फलाट अपुरा पडतो का, ते पाहावे. दोन-तीन माणसे मिळून असा एक दिवस चालवू लागली, की संध्याकाळ कशी गेली, ते कळत नाही.

हे काम पोरखेळ नव्हे, याला आधार आहे. इंग्लंडमधल्या लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेने १९१२ साली मँचेस्टरच्या आपल्या सिग्नल-शाळेत शिकविण्यासाठी एक प्रतिकृती-मार्ग उभा केला. आज तो यॉर्कच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडेही उदेपूरच्या रेल्वे प्रशिक्षण संस्थेत स्टेशन मास्तरांना नमुन्याच्या रुळांवर शिक्षण दिले जाते. महाराष्ट्रात पुण्याच्या भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेला छंद १ एप्रिल १९९८ पासून कोथरूडला, कर्वे रस्त्यावर, लोकांसाठी खुला झाला. त्यात एक कल्पनेतले संपूर्ण शहर आहे, रात्र पडते, दिवे लागतात, आणि गाड्या सिग्नल पाळून धावतात. यंत्ररचना पाहावयाची, तर या ठिकाणासारखे दुसरे शिक्षण नाही. रायपूरच्या माणसाने तेथून तंत्र आणावे. शहर मात्र आपलेच बांधावे.

आपले म्हणजे मोजलेले. यासाठी नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालय उपयोगी आहे. २००२ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात जुनी इंजिने, डबे आणि उपकरणे पाहता येतात. बंगाल-नागपूर रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांची चाके, नळकांडी, केबिनच्या खिडक्या यांची मापे पट्टी आणि वही घेऊन, अर्थात परवानगीने, टिपून घ्यावीत. इमारतींची मापे मात्र जागेवरच घ्यावी लागतात, आणि ब्रॉडगेजच्या नव्या फलाटांबरोबर जुन्या खोल्या जाण्याचा संभव असतो. जेथे जुनी भिंत अजून उभी असेल, तेथे विटांचे थर मोजावेत. एका थराची उंची कळली, की छायाचित्रावरूनही पूर्ण इमारतीची उंची काढता येते. दाराची उंची, छपराचा उतार, पाण्याच्या टाकीचे खांब यांचीही नोंद करावी. ज्यांनी या गाडीतून शाळा गाठली, बाजार केला, ती माणसे धमतरी आणि कुरूदला आजही पुष्कळ आहेत. त्यांना सालवार हकीकत विचारू नये. घंटा फलाटाच्या कोणत्या बाजूला टांगलेली होती, डब्याचा रंग कोणता होता, तिकिटाची खिडकी किती उंच होती आणि लहानपणी हात तिथवर पोचत होता का, एवढेच विचारावे.