दिघीची ५२४ एकर जमीन आणि काळ्या स्क्रीनवरचा ईमेल

दिघीतल्या नव्या सोसायट्यांमधल्या पोरांना विचारा, व्हीएसएनएल म्हणजे काय. निम्मे म्हणतील, काका, बीएसएनएल म्हणायचंय का? नाही रे बाबांनो. विदेश संचार निगम. आपल्या गावात शेकडो एकर जागा असलेलं, आणि देशातल्या सर्वसामान्य माणसाला पहिल्यांदा पैसे भरून इंटरनेट देणारं सरकारी खातं. परवा जागेचा विषय पुन्हा निघाला म्हणून हा जरा लांब लेख. चहा घेऊन बसा.

मूळ गोष्ट १९२७ ची. इंग्रजांच्या काळात लंडनशी बिनतारी तार सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवायचं ठाणं आपल्या खडकीला आणि घ्यायचं दौंडला होतं. म्हणजे परदेशाशी बोलायचं तर पुण्याच्या आसपासची ही माळरानं लागायचीच. बिनतारीच्या उंच खांबांना आणि तारांना मोकळी जागा लागते, म्हणून अशा खात्यांकडे एवढ्या जमिनी. १९४७ ला हे काम सरकारकडे आलं, त्याचं नाव ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस. १९७१ ला नारायणगावजवळ आर्वीला उपग्रह केंद्र झालं. १ एप्रिल १९८६ ला सगळा कारभार नव्या कंपनीकडे गेला, तीच व्हीएसएनएल.

ईमेल त्याआधीपासून होता, पण तुमच्या-माझ्यासाठी नव्हता. एर्नेट नावाचं जाळं १९८६ पासून आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीसारख्या मोठ्या संस्थांमध्ये उभं राहिलं. पुण्यात पुढे आयुकामधून ते चालायचं. प्राध्यापक आणि संशोधकांनाच ती सोय. बाहेरच्याला प्रवेश नाही. तिकडे अमेरिकेत बोस्टनजवळ ‘द वर्ल्ड’ नावाची कंपनी १९८९ पासूनच कुणालाही पैसे घेऊन युनिक्सचं शेल अकाउंट देत होती.

आपल्याकडे तो दिवस आला १५ ऑगस्ट १९९५ ला. व्हीएसएनएलनं मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासला सेवा सुरू केली. पुणे आणि बंगळूर त्यानंतर. नाव होतं गेटवे इंटरनेट ॲक्सेस सर्व्हिस. दर ऐका. नुसत्या अक्षरांचं शेल अकाउंट २५० तासांना ५,००० रुपये, चित्रं दिसणारं १५,००० रुपये. स्वस्तातलं घेतलं तरी तासाला २० रुपये, वर फोनचं बिल वेगळं. आणि आधी घरात फोन तर हवा! तो मिळायलाच लोक वर्षानुवर्षं वेटिंगवर असायचे. विद्यार्थ्यांसाठी पुढे ५०० रुपयांचं अकाउंट निघालं, तेव्हा कुठं कॉलेजची पोरं आत शिरली.

आता हे शेल अकाउंट म्हणजे काय, हे सांगायलाच पाहिजे, कारण आजच्या माणसाला ते खोटं वाटेल. तुमचा कॉम्प्युटर फक्त पडदा आणि कीबोर्ड. मोडेम फोन लावणार, किर्र-खर्र आवाज करणार, लाईन लागली तर लागली. मग काळ्या स्क्रीनवर नाव आणि पासवर्ड. आत गेलात की काम चालायचं ते व्हीएसएनएलच्या युनिक्स मशीनवर. पत्रं वाचायला पाईन, वेबसाईट बघायला लिंक्स, दोन्हीत चित्र नावाला नाही. माऊसचा उपयोग शून्य. पत्ताही केवढा लांब! पुणेकरांच्या नावापुढं ‘जीआयएएसपीएन०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन’ एवढं शेपूट. व्हिजिटिंग कार्डवर ते छापून मिरवणारे उद्योजक होते. मराठीही रोमन अक्षरांतच लिहायची, ‘aai’ ऐवजी ‘आई’ दिसायला पुढे बरीच वर्षं गेली.

सुरुवातीचा कारभार मात्र गडबडीचाच. किती लोक येतील याचा अंदाजच चुकला. लाईन लागेना, लागली तर तुटायची. तरीही सहा महिन्यांत १०,००० च्या आसपास ग्राहक झाले. माझं मत विचाराल तर सरकारी खात्यानं महाग का होईना, दार उघडलं हे मोठंच काम होतं. पण तीन वर्षं दुसऱ्या कुणाला त्या दारात उभं राहू दिलं नाही, हेही खरं. खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली १९९८ च्या शेवटी, आणि मग दर धडाधड पडले. चाकण-भोसरीच्या छोट्या वर्कशॉपवाल्याला परदेशी गिऱ्हाइकाशी ईमेलवर बोलणं त्यानंतरच परवडायला लागलं. तोवर फॅक्स, नाहीतर कुरिअर.

फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्रानं व्हीएसएनएलचा २५ टक्के हिस्सा टाटांना १,४३९ कोटींना विकला. २००८ ला नाव बदलून टाटा कम्युनिकेशन्स झालं, त्यांचं ऑफिस आजही आळंदी रोडला दिघीत आहे. पण विक्रीत एक अट होती, जास्तीची जमीन सौद्यात नाही. देशभरातली अशी सुमारे ७४० एकर बाजूला काढली, त्यातली ५२४ एकर एकट्या पुण्याची, म्हणजे आपल्या दिघीची. दिल्ली, कोलकाता, चेन्नई मिळूनही एवढी नाही! ती हेमिस्फिअर प्रॉपर्टीज नावाच्या कंपनीकडे गेली, २०२० पासून तिचे शेअर बाजारात खरेदी-विक्रीला आहेत. केंद्राचा त्यात मोठा हिस्सा आहे.

म्हणजे या जमिनीचा भाव मुंबईतला शेअर दलाल रोज बघतो, आणि इथल्या रहिवाशाला तिच्यावर काय होणार हे कुणी सांगत नाही. बागेला, शाळेला, मैदानाला यातलं काही मिळणार का, हे आपल्या नगरसेवकापासून खासदारापर्यंत सगळ्यांना विचारायला हवं. मी विचारतोय, तुम्हीही विचारा.

आणि एक काम. कुणाच्या घरात जुनी व्हीएसएनएलची पावती, पासवर्डचं पाकीट, त्या लांबलचक पत्त्याचं व्हिजिटिंग कार्ड पडलं असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका. पासवर्ड आणि फोन नंबर झाकून. व्हीएसएनएलमध्ये नोकरी केलेले दिघी-भोसरीतले काका-मावशी असतील तर मला मेसेज करा, मी घरी येऊन ऐकीन आणि लिहून काढीन.